विजयाचीं प्रशस्तिपत्रें

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या तीरावर वसलेलें पवनी हें गांव बहुतेकांस तेथील जुन्या तटबंदीमुळें किंवा १९६९-७० सालीं जगन्नाथ टेकडीच्या उत्खननांत उघडकीस आलेल्या बौद्ध स्तूपामुळें ठाऊक असतें. त्याच पवनीस एक लहानसा प्राकृत लेख असलेला शिलास्तंभ सांपडला आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा हा छायास्तंभ, म्हणजे स्मरणार्थ उभारलेला स्तंभ, एवढाच त्या लेखाचा आशय. त्यानें कोणतीं युद्धें जिंकलीं, प्रजेस कसें वागविलें, तो उदार होता कीं कृपण, याविषयीं एक अक्षर नाहीं. क्षत्रपांची सत्ता कांहीं काळ विदर्भापर्यंत पोहोंचली होती, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं या लेखावरून प्रतिपादिलें. तथापि रूपिअम्म हा माणूस कसा होता, हें त्या दगडावरून कोणासही सांगतां यावयाचें नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकास अशा मौनाचा राग यावा हें साहजिक आहे. परंतु या मौनापेक्षां स्तुतीच्या पुरानें आपली अधिक फसगत होते, असें मला दिवसेंदिवस वाटूं लागलें आहे. २००४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं जॉन केरी उभे राहिले, तेव्हां त्यांच्या नौदलांतील सेवेचे जुने अहवाल लोकांपुढें मांडण्यांत आले. वरिष्ठांनीं त्यांत त्यांची मुक्तकंठानें स्तुति केली होती. विरोधकांनीं नेमका व्हिएतनाममधील त्याच पराक्रमावर हल्ला चढविला. मौज अशी कीं, एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचें एकमत होतें: रणांगणावरचा कागद खरा ठरला म्हणजे माणूसही खरा ठरला! आमच्या मुंबईंत १९७१ सालीं ईशान्य मतदारसंघांतून जनरल करिअप्पा लोकसभेसाठीं उभे राहिले आणि पडले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या भारतीय सरसेनापतीच्या लष्करी लौकिकास मतदारांनीं खोटें ठरविलें, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांच्यापुढील प्रश्नच बहुधा निराळा असावा.

हा प्रश्न आपल्याकडे अठराशें वर्षांहूनही जुना आहे. गिरनारच्या पायथ्याशीं एका प्रचंड खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन् याचा इ. स. १५० चा संस्कृत लेख आहे. सर्व वर्णांच्या लोकांनीं जवळ येऊन आपल्या रक्षणार्थ याला स्वामी म्हणून वरलें, युद्धावांचून मनुष्यवध न करण्याची त्याची प्रतिज्ञा होती, दक्षिणापथपति सातकर्णीस दोनदां जिंकूनही जवळच्या नात्यामुळें त्यानें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो लेख सांगतो. निवडणुकीस उभ्या राहिलेल्या उमेदवाराचें हें जाहीरपत्रक म्हणून सहज खपेल. पण त्याच लेखांत महाक्षत्रप ही पदवी त्यानें स्वतः मिळविली असेंही म्हटलें आहे, आणि यौधेयांना बळानें उखडून टाकल्याचा अभिमानही आहे. लोकांनीं वरलें कीं यानें स्वतः मिळविलें? प्रशस्तिकारास हा प्रश्न पडला नाहीं. त्यास दोन्ही भूषणें हवीं होतीं.

दुसऱ्या बाजूची प्रशस्ति नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही स्तुति त्याच्या आईनें, गौतमी बलश्रीनें, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं कोरविली. शक, यवन, पल्हव यांचा संहारक, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असें तींत म्हटलें आहे. आणि अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा त्यास रुचत नसे, असेंही! निर्वंश झालेल्या क्षहरातांस याविषयीं काय वाटलें असतें? विजय खोटा नव्हे. जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां उठविलेला आहे. नाणें आईच्या मायेनें बोलत नाहीं. पण तें शौर्याची साक्ष देतें, स्वभावाची नव्हे.

लष्करांतील वरिष्ठाचा अहवालही अशाच मर्यादेंत खरा असतो. हा मनुष्य वरच्या हुद्द्यास योग्य आहे काय, एवढ्याच प्रश्नाचें तो उत्तर देतो. आज्ञा पाळणें, आज्ञा पाळावयास लावणें आणि सोबत्यास न सोडणें, हे त्यांत गुण ठरतात. अमेरिकेचा सेनापति ग्रँट याची सोबत्यांवरील निष्ठा युद्धांत कामास आली; अध्यक्ष झाल्यावर, १८६९ ते १८७७ या काळांत, त्याच निष्ठेनें लबाड स्नेह्यांस आसरा दिला. राज्यकर्त्याची गांठ ज्यांस नाहीं म्हणतां येतें अशांशीं पडते. रुद्रदामनाच्या लेखांतील खरें मोलाचें स्थळ मला येथेंच दिसतें. वादळी पुरानें सुदर्शन तलावाचें धरण फुटलें, चारशेंवीस हात लांबीचें खिंडार पडलें. राजाच्या मंत्र्यांनींच तें काम अशक्य म्हणून नाकारलें आणि प्रजेंत हाहाकार उडाला. तेव्हां सुविशाख नांवाच्या पल्हव अमात्यानें तें धरण बांधून काढलें. पैसा राजाच्या खजिन्यांतून आला. कर, वेठबिगार किंवा देणगीच्या नांवाखालीं होणारी वसुली प्रजेवर लादली नाहीं, असें लेख म्हणतो. ही सुद्धां स्तुतीच. पण ती पाहणारे लोक तलावाकांठींच राहत होते, आणि मंत्र्यांचा नकार प्रशस्तिकारानें लपविलेला नाहीं.

गौतमीपुत्राचें असें स्थळ त्याच्या आईच्या लेखांत नसून त्याच लेण्यांतील दोन साध्या आज्ञांत आहे. राज्याच्या अठराव्या वर्षीं, सैन्याच्या विजयी छावणींतून, त्यानें पूर्वीं उषवदाताच्या ताब्यांत असलेलें कखडी गांवचें शेत तिरण्हु पर्वतावरील भिक्षूंस दिलें. त्या आज्ञेंत तो बेणाकटकाचा स्वामी म्हणविला जातो. मिराशी यांच्या मतें बेणाकट म्हणजे वैनगंगेकांठचा प्रदेश. तें मत मान्य केल्यास रूपिअम्माचा स्तंभ आणि ही छावणी एकाच झगड्याच्या दोन बाजू ठरतात. कांहीं विद्वान् तें स्थान नाशिकजवळच मानतात. निर्णय सोपा नाहीं.

सहा वर्षांनीं, चोविसाव्या वर्षीं, दुसरी आज्ञा निघाली. ती गोवर्धनाच्या अमात्य श्यामकास उद्देशून असून राजा व राजमाता या दोघांच्या नांवें आहे. आम्हीं भिक्षूंस दिलेलें कखडीचें शेत कोणी कसत नाहीं आणि तें गांवही वसलेलें नाहीं, असें तींत सरळ म्हटलें आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनींतून शंभर निवर्तनें बदली द्यावीं, आणि त्या जमिनींत सरकारी माणसांनीं शिरूं नये, मिठासाठीं खणूं नये. शक-यवनांचा त्या आज्ञेंत उल्लेखही नाहीं.