गीत-संगीत: शाह बाजन, बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूर बघायला येणारी माणसं शाही किल्ल्यातला हमाम बघतात, कुंडी भंडाऱ्यात उतरतात, तापी ओलांडून झैनाबादला जातात, 1631 साली मुमताज महलला आधी कुठे दफन केलं होतं ते विचारतात आणि मावा जिलेबी खाऊन गाडी पकडतात. गाण्यासाठी इथे कोणी येत नाही. गाणाऱ्यांची आठवण निघते ती प्रेमप्रकरणापुरती. उतावळी नदीवरच्या महाल गुलाराला गेलात तर गुलारा नावाच्या गायिकेवर शाहजहान कसा भाळला ते ऐकायला मिळतं. झैनाबादच्या हिराबाईवर तरुण औरंगजेबाचा जीव जडला, ही गोष्ट तर इतिहासकारांनीही चवीने लिहिली. ती उत्तम गायची यावर सगळ्यांचं एकमत आहे. काय गायची, ते एकानेही लिहून ठेवलं नाही.

मी मागवाल्यांचे हिशेब लिहिणारा माणूस. सूत, बिम, मजुरी यांच्या वह्यांत आयुष्य गेलं. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरायची आणि उरुसाच्या दिवसांत कव्वालीला मागे बसून ऐकायचं, एवढाच माझा गाण्याशी संबंध. माझा पुतण्या मात्र पुण्यात गिटार घेऊन गातो आणि स्वतःला इंडी म्हणवतो. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, गळा स्वतःचा आणि डोक्यावर कंपनी कोणाचीच नाही, असा त्याचा खुलासा. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, आपल्या गावात असलं कधी कोणी झालंच नाही."

"झालं की," मी म्हटलं, "पाचशे वर्षांपूर्वी."

त्यांचं नाव शेख बहाउद्दीन. गाण्याची ओढ फार, म्हणून कवितेत त्यांनी बाजन हे नाव घेतलं, असं सांगतात. मूळ गुजरातचे, चिश्ती परंपरेतले सूफी. पुढे बुऱ्हाणपुरात स्थिरावले, 1506 साली इथेच वारले आणि इथेच त्यांची कबर आहे. चरित्रं लिहिणाऱ्यांनी त्यांचा जन्म 1388 चा धरला आहे. म्हणजे आयुष्य एकशे अठरा वर्षांचं. जन्मगाव अहमदाबाद सांगतात, पण अहमदाबाद वसलं 1411 साली. माझ्या वहीत अशी नोंद आली असती तर मी मुनीमजींना परत पाठवली असती. संतांच्या वयाला लोक सवलत देतात, आपणही देऊ. मृत्यूचं साल आणि गाव मात्र पक्कं आहे.

खुद्द बुऱ्हाणपूरचा हिशेबही असाच आहे. मलिक राजाचा मुलगा नासीर खान फारुकी 1399 मध्ये खानदेशच्या गादीवर आला, त्याने असीरगड घेतला आणि तापीच्या काठी हे शहर वसवलं. इतिहासकार फरिश्ता लिहितो की विजयानंतर सूफी संत झैनुद्दीन शिराझी स्वतः नासीर खानाला भेटले आणि त्यांच्याच सांगण्यावरून एका काठावर बुऱ्हाणपूर, दुसऱ्या काठावर झैनाबाद झालं. पण झैनुद्दीन वारले 1369 मध्ये! भेट जमत नाही, नावं मात्र खरी आहेत. झैनाबाद त्यांच्या नावाचं आणि बुऱ्हाणपूर त्यांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाचं. हे बुऱ्हानुद्दीन दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, 1337 मध्ये वारले आणि खुलताबादला पुरले गेले. त्यांना समाची, म्हणजे ईश्वरासाठी गाणं ऐकण्याची, इतकी ओढ होती की ऐकता ऐकता उठून नाचत. त्यांच्यामागे तसंच नाचणाऱ्या शिष्यांना लोक बुऱ्हानी म्हणू लागले. आपल्या गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते गाणं ऐकून नाचणारे होते, हे गावातल्या कितीजणांना ठाऊक असेल?

अशा गावात बाजन आले. त्यांच्या उतारवयात गादीवर दुसरा आदिल खान होता (1457 ते 1501), फारुकींमधला सर्वांत जोरदार राजा. किल्ला बांधला गेला, विणकर आले, पेठा भरल्या. याच पेठांमध्ये गुजराती, हिंदवी, अहिराणीच्या नाना तऱ्हा आणि मराठी एकाच दुकानात बोलल्या जात असणार, कारण आजही त्या तशाच बोलल्या जातात. रावेरकडचा केळीवाला आमच्या बाजारात कोणत्या भाषेत सौदा सुरू करेल आणि कोणत्या भाषेत संपवेल, याचा नेम नसतो.

बाजन यांनी गुरू शेख रहमतुल्लाह यांच्या नावाने 'खजाइन-ए-रहमतुल्लाह' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात वडीलधाऱ्या सूफींची वचनं आहेत, उपदेश आहे. असे ग्रंथ पुष्कळ झाले. पण या ग्रंथात त्यांनी स्वतःची गाणीही घातली, आणि ती फारसीत नव्हे, लोकांच्या बोलीत. या गाण्यांना जिकरी म्हणत. आपण काय करतो आहोत हेही त्यांनी फारसीत समजावून सांगितलं: ही माझीच रचना, हिंदचे कव्वाल ती साजावर, सुरांत वाजवतात आणि गातात. काहींत गुरूची आणि त्यांच्या समाधिस्थानाची स्तुती आहे, काहींत माझ्या गुजरातची, काहींत माझ्या मनातल्या इच्छेची, काहींत प्रेमाची. आज एखाद्या गायकाला मुलाखतीत 'तुमची गाणी कशाबद्दल असतात' असं विचारलं तर यापेक्षा सरळ उत्तर मिळणार नाही.

जिकरीची बांधणी मराठी माणसाला सहज कळेल. आरंभी धरून ठेवायची ओळ, मग कडवी आणि शेवटच्या कडव्यात बाजन हे नाव, जसं आपल्याकडे नामदेव, तुकाराम स्वतःचं नाव घालतात. रचनेवर राग कोणता तेही लिहिलेलं असतं. त्या काळी कविता लिहून ठेवणारे पुष्कळ होते; ती कशी गायची, हे सोबत सांगणारे थोडे. भाषेला ते कधी हिंदवी म्हणतात, कधी देहलवी. नंतरच्या अभ्यासकांनी तिला गुजरी म्हटलं. जिकरीची परंपरा पुढे गुजरातेत काझी महमूद दरियाई आणि शाह अली जीव गामधनी यांनी चालवली.

जमील जालिबींनी उर्दू साहित्याच्या इतिहासात बाजन यांना आरंभीच्या कवींमध्ये मानाची जागा दिली. गडबड इथेच झाली असं मला वाटतं. उर्दूवाल्यांनी त्यांना कवी म्हणून घेतलं, म्हणून संगीतवाल्यांनी सोडलं. मराठी आणि हिंदीवाल्यांनी तर उर्दूचे म्हणून ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बांधलेल्या चालींवर मी तरी कुठे मराठीत लेख वाचलेला नाही.

पुतण्याने हरकत घेतली ती रास्त होती. "काका, ते स्वतः कुठे गायले? गायले कव्वाल." खरं आहे. गळा कव्वालांचा होता. पण गाणं दरबारासाठी नव्हतं, खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, आणि उरूस यांसाठी होतं. शब्द कोणी सांगितले नव्हते, आणि खाली सही होती. चारांतले तीन निकष जुळतात, चौथ्याला मी सूट देतो.

दरबारी गाण्याचा मामला आमच्याकडे वेगळा चालला. कर्नाटकातले पुंडरीक विठ्ठल सोळाव्या शतकात फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाण खानाच्या आश्रयाला आले आणि संस्कृतात 'सद्रागचंद्रोदय' लिहून त्यांनी रागांची नव्याने व्यवस्था लावली. पुढे ते उत्तरेत राजपूत आणि मोगल आश्रयाला गेले. आमच्या जामा मशिदीवर अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, शके 1511 चा. तो बघून लोक चकित होतात. पुंडरीक विठ्ठल माहीत असते तर झाले नसते. भातखंड्यांनी या ग्रंथांचा अभ्यास केल्यामुळे संगीताच्या विद्यार्थ्यांना पुंडरीकांचं नाव निदान परीक्षेपुरतं ठाऊक असतं. बाजन यांना असा भातखंडे मिळाला नाही.

आणि स्वतः लिहून, चाल लावून, गाऊन सगळंच एकट्याने करणारा माणूस हवा असेल तर तोही आमच्याच जिल्ह्यातला म्हणता येईल. बुऱ्हाणपूर 2003 पर्यंत खंडवा जिल्ह्यात होतं आणि किशोरकुमार खंडव्याचे. 'झुमरू' (1961) मध्ये नट तेच, गायक तेच, संगीतकार तेच. पुतण्याला हे पटलं, पण किशोरकुमार कोणालाही पटतात.

बाजन यांचं गाणं टिकलं ते त्यांनी रागासकट लिहून ठेवलं म्हणून. चाली गेल्या, शब्द आणि रागांची नावं उरली. गुलारा आणि हिराबाई यांचं तेवढंही उरलं नाही.

बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या कव्वालांच्या घरी बयाजा, म्हणजे गाण्यांच्या वह्या, आहेत, भजनी मंडळांच्या कपाटांत वह्या आहेत. आजोबांच्या हातच्या, काही देवनागरीत, काही उर्दू लिपीत, आणि बऱ्याच वाळवीच्या तोंडी. कोणाच्या घरात अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. पानापानाचे फोटो काढा, कोणतं गाणं कोणत्या रागात आणि चाल कोणाची ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून शेजारी लिहा. लिपी वाचता येत नसेल तर शेजारच्या मोहल्ल्यात जा, वाचून देणारं कोणीतरी भेटेल. आमच्या मंडळाच्या वह्यांपासून मी सुरुवात केली आहे.