तरंगंबाडीची बंदिशाळा आणि तंजावरचे ग्रंथवैभव

तंजावरच्या मराठ्यांचा विषय निघाला की सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांचे स्मरण होते. या वैभवाची एक वाट समुद्रकाठच्या बंदिशाळेपर्यंत जाते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ती वाट पाहावी म्हणून आम्ही दोन कुटुंबे मुलाबाळांसह, शिधा, स्टोव्ह व वळकट्या मोटारीत घालून, कुंभकोणम् व मायवरम्‌मार्गे तरंगंबाडीस गेलो. कावेरीकाठची भातशेते संपतात आणि समोर बंगालचा उपसागर उभा ठाकतो. लाटांनी मासिलामणिनाथाचे चौदाव्या शतकातील देऊळ बरेचसे गिळले आहे. नजीकच डेन लोकांचा डान्सबोर्ग किल्ला आहे. १६२० साली रघुनाथ नायकाने त्यांना येथे ठाणे दिले. मराठ्यांच्या अमदानीतही ते टिकले आणि १८४५ त इंग्रजांस विकले गेले.

किल्ल्याच्या तळमजल्यावर कोठारांशेजारी कैद्यांची कोठडी होती. १७०६ त आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाला १७०८ त येथील डॅनिश अधिकाऱ्यानेच कैद केले आणि सुमारे चार महिने किल्ल्यात ठेवले. सुटकेनंतर त्याने तमिळ ग्रंथ छापविले. त्याच्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ दाखल झाला आणि येथून आपला इतिहास सुरू होतो.

१७८७ त तुळजाजी राजे निवर्तले. दत्तक पुत्र सरफोजी अल्पवयीन. गादी अमरसिंहांकडे गेली आणि हा मुलगा तंजावरातच बंदिवासात पडला. श्वार्ट्झने त्याची बाजू इंग्रजांपुढे मांडली. १७९३ त मुलास मद्रासेस हलविण्यात आले व १७९८ त सरफोजी गादीवर बसले. तत्पूर्वी काही महिने श्वार्ट्झ वारला होता. राजांनी त्याच्या स्मरणार्थ फ्लॅक्समनकडून घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

इंग्रजांचे साहाय्य मात्र निरपेक्ष नव्हते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला व तनखा उरला. म्हणजे मुलगा सुटला, राज्य अडकले. तरीही त्या आखूड कक्षेत सरफोजींनी १८३२ पर्यंत देशोदेशीचे ग्रंथ जमविले, विद्वान पोसले. सत्ता गेल्यावर माणसाने काय करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. परप्रांती वसलेल्या आम्हा मराठी जनांनी मुलांना तंजावर दाखवावे, तेव्हा तरंगंबाडीची ती कोठडीही दाखवावी.