परधान गायक (जिवती परिसर)

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीचा माणिकगड पहाड आणि लगतच्या तेलंगणातील आदिलाबाद भागातील गोंडांचे वंशपरंपरागत भाट. गज फिरवून वाजवायची किकरी हे त्यांचे मुख्य वाद्य. मुलगा वडिलांच्या साथीला बसून गाणे शिकतो. वही नसते, सगळे कानावर. यजमान गोंड कुळाची उत्पत्तिकथा आणि पेन म्हणजे देवाच्या पूजेची गाणी परधानच सांभाळतो, बदल्यात पूर्वी धान्य, कपडे, जनावरे मिळत. विशेष म्हणजे अनेक परधानांची घरची बोली मराठी, गायन मात्र गोंडीत. मानवशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादेत या परंपरेचा अभ्यास केला. यजमानांचा आश्रय आटल्याने तरुण गायकाला आता केवळ गाण्यावर पोट भरणे कठीण आहे. ही गाणी गायकांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित व्हायला हवीत.