आगगाडी, मोटार आणि थळघाट

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे सुस्थितीतील मराठी घरांतून हल्ली एक नवा वाद रंगू लागतो. पूर्वी तो माथेरान की महाबळेश्वर एवढ्यापुरताच असे. आता पॅरिस, इंटरलाकेन आणि फ्लॉरेन्स ही तिन्ही ठिकाणे एका प्रवासात कशी गुंफावी, आणि गुंफावयाची तर आगगाडीने की भाड्याच्या मोटारीने, येथपर्यंत त्याची मजल गेली आहे. वडील मंडळी आगगाडीचा पक्ष घेतात, चिरंजीव मोटारीचा. एक म्हणतो त्रास वाचेल, दुसरा म्हणतो स्वातंत्र्य मिळेल. आणि खर्चाचा हिशेब मांडावयास घेतला की दोघांनाही आपापल्या सोयीचे आकडे सापडतात. हा वाद केवळ युरोपचा नकाशा पुढे ठेवून सुटावयाचा नाही, असे आम्हांस वाटते. मुंबईपासून पंच्याऐंशी मैलांवर इगतपुरी आहे, आणि तिच्या पायथ्याशी थळघाट आहे. आगगाडी की रस्ता हा प्रश्न त्या घाटाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत वेळोवेळी सोडविला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर निराळे आले आहे. तो इतिहास परदेशी निघणाऱ्या कुटुंबासही उपयोगी पडेल.

कोकणातून देशावर चढावयाचे तर सह्याद्रीची भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईहून पुण्यास जाणाराने बोरघाट चढावा आणि नाशिक, खानदेश, वऱ्हाड किंवा उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाराने थळघाट, असा हा जुना विभाग आहे. लोहमार्ग होण्यापूर्वी या वाटेने बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे चालत. खाली येताना कापूस व धान्य यावे आणि वर जाताना मीठ जावे, असा तो व्यवहार होता. त्या काळी वाहनाची निवड हा प्रश्नच नव्हता. बैल दमला की मुक्काम, नदीला पूर आला की मुक्काम. मुक्काम कोठे पडावयाचा हे वाटच ठरवीत असे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्यानंतर आठ वर्षांनी या घाटात जी मौजेची स्थिती उत्पन्न झाली, ती मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १८६१ च्या जानेवारीत लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. त्याच महिन्यात घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिकच्या बाजूचा मार्गही खुला झाला. खाली आगगाडी होती, वरही आगगाडी होती. मधला डोंगर तेवढा रिकामा होता. घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. म्हणजे चार वर्षेपर्यंत नाशिकच्या यात्रेकरूस कसाऱ्यास उतरून बिऱ्हाडबाजल्यासह सडकेने घाट चढावा लागे आणि इगतपुरीस पुन्हा गाडीत बसावे लागे. सपाटीवर लोखंडी रूळ आणि चढावर सडक, अशी ही जोडयात्रा होती. ती सोय नव्हती, नाइलाज होता. तरी या नाइलाजात एक शहाणपण दडलेले होते. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

घाटातील मार्ग बांधण्यास इतकी वर्षे का लागली, हे त्या जागेवर उभे राहिले म्हणजे समजते. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचे अंतर सुमारे नऊ मैल आणि चढ ९७२ फुटांचा आहे. काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जावे तो एक फूट वर चढावे, असा हा उभा मार्ग आहे. त्यासाठी बोगदे पोखरावे लागले आणि एहेगावच्या दरीवर दीडशे फुटांहून उंच पूल उभारावा लागला. एवढ्यानेही भागेना, म्हणून घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेने चढविण्याची योजना करावी लागली. ती अडचण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्ग बदलल्यावर दूर झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी हे काम आखले, परंतु १८६२ साली त्यांचा अंत झाला आणि चढून गेलेली गाडी पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यांचे नाव निदान इतिहासात तरी राहिले; ज्या मजुरांनी तो कातळ फोडला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आज दिसते ते इगतपुरी या चढाचे अपत्य होय. घाट चढून आलेल्या गाडीने माथ्यावर थांबलेच पाहिजे, मागून रेटणारी इंजिने सोडलीच पाहिजेत. यामुळे तेथे इंजिनांची शाळा झाली, चाळी व बंगले झाले आणि फलाटावर फराळाची दुकाने मांडली गेली. गाडी थांबते म्हणून गाव वाढले. गावासाठी गाडी थांबत नव्हती.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० च्या मार्चात जबलपुराजवळ सांधा जुळून मुंबई-कलकत्ता लोहमार्ग अखंड झाला. या दोन घटनांनी थळघाट एकदम जगाच्या हमरस्त्यावर आला. युरोपातून येऊन कलकत्त्यास जाणारा प्रवासी आता याच चढाने जाऊ लागला. टॉमस कुक यांनी जगप्रदक्षिणेची पहिली सहल १८७२ साली काढली. ती २२२ दिवसांची होती आणि हिंदुस्थान हा तिचा एक टप्पा होता. अनेक मुक्कामांची जी परदेशी सहल आज आपण आखतो, तिचे मूळ अशा प्रवासांत आहे. त्याच सुमारास ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक मुंबईहून निघून सह्याद्री ओलांडतो, आणि पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपल्यामुळे त्यास हत्ती विकत घेऊन अरण्यातून जावे लागते. कथेचा काळ १८७२ चा आहे. तेव्हा हा मार्ग जुळून दोन वर्षे लोटली होती. तुटलेल्या मार्गावाचून कथेस रंग येईना, म्हणून कादंबरीकाराने तो कल्पनेने तोडला. याच लोहमार्गावर खरा तुटलेला दुवा काही वर्षांपूर्वी कसारा-इगतपुरीच्या दरम्यान होता, हे त्यास ठाऊक होते की नव्हते कोण जाणे!

गाड्यांचा वेग वाढत गेला तसतसा मुक्काम आटत गेला. १९३० च्या सुमारास मुंबईहून इगतपुरीपर्यंत विजेची इंजिने धावू लागली. पुढे वाफेचे राज्य होते, म्हणून इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबे. १९६० नंतरच्या दशकात पलीकडेही वीज आली, परंतु ती निराळ्या जातीची होती, म्हणून इंजिनाची अदलाबदल चालूच राहिली. एकविसाव्या शतकात मुंबईकडील वीजपुरवठाही त्याच जातीचा करण्यात आला आणि ते कारणही उरले नाही. बहुतेक गाड्यांस कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडावी लागतात, एवढा जुना रिवाज शिल्लक आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी तर त्यांच्या मदतीवाचूनच घाट चढते.

रस्त्याचीही तीच गत झाली. जुन्या आग्रा रोडवर मोटारी आल्या, तेव्हा प्रथम त्यांनाही घाटमाथ्यावर पाणी पिऊन दम घ्यावा लागे. पुढे ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरांचे जोडबोगदे नेले आहेत. ज्या चढासाठी लोहमार्गास चार वर्षे खोळंबावे लागले, तो मोटारीतील मुलास दिसतही नाही. या वेगाचे मोलही लहान नव्हे. १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे शहापूर तालुक्यात याच महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता अवजड यंत्रणा कोसळली आणि वीस जण प्राणास मुकले. बर्कलेच्या मजुरांप्रमाणे यांनाही आपण विसरू नये.

असे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. आल्प्स पर्वतात गोटहार्डच्या खालून १८८२ साली लोहमार्ग गेला, १९८० साली मोटारींचा बोगदा झाला आणि २०१६ साली सत्तावन्न किलोमीटरांचा नवा रेल्वेबोगदा सुरू झाला. आज बहुतेक वेगवान गाड्या पर्वताच्या तळातून सरळ निघून जातात. ज्यास पर्वत पाहावयाचा असेल त्याने मुद्दाम जुन्या मार्गाची सावकाश गाडी धरावी लागते.

आता मूळ वादाकडे वळू. आगगाडी की मोटार हा प्रश्न लोक वेगाचा समजतात; वस्तुतः तो मुक्कामाचा आहे. पूर्वी डोंगर मुक्काम लादीत असे, म्हणून प्रवाशास न मागता पुष्कळ काही पाहावयास मिळे. आज डोंगर काहीच लादीत नाही. तेव्हा कोठे थांबावयाचे हे आपणच ठरविले पाहिजे, आणि ते आधी ठरवून मग वाहन निवडले पाहिजे. पॅरिसहून स्वित्झर्लंडास व तेथून फ्लॉरेन्सला जावयाचे तर आगगाडीच बरी. एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडली तर वेगळा आकार पडतो, आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परक्या मोटारीस शिरण्याची बंदीच आहे. इंटरलाकेनच्या वर वेंगेन व म्युरेन या गावी मोटार जातच नाही. उलट टस्कनीच्या द्राक्षमळ्यांतील खेडी पाहावयाची असतील तर आगगाडी तेथे फारशी उपयोगी नाही. दोन दिवस मोटार घ्यावी, उजव्या बाजूने सावकाश चालवावी आणि पुन्हा स्थानकावर यावे. म्हणजे लांबच्या पल्ल्यास रूळ आणि आडवाटेस सडक! १८६१ च्या यात्रेकरूने नाइलाजाने जे केले, तेच आज आपण राजीखुशीने करावे.

इगतपुरीसही आपला मुक्काम एका निराळ्या रीतीने परत मिळाला आहे. तेथील धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरे भरतात आणि देशोदेशींचे प्रवासी तेथे दहा दहा दिवस मौन पाळून एका जागी बसतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या लांब सहलीतील तो एक टप्पा असेल. गाडी थांबावी म्हणून वसलेल्या गावी माणसे आता आपण होऊन थांबावयास येतात. परदेशी निघणाऱ्या कुटुंबाने सामान बांधण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले, तर वडील व चिरंजीव यांचा वाद बराचसा मिटेल असे वाटते.