'धमाल' : एका शब्दाचा प्रवास आणि त्याचे विस्मरण

मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत 'धमाल विनोदी' हे विशेषण इतके रुळले आहे की ते वाचलेही जात नाही. महाविद्यालयीन बोलीत रात्रभर रंगलेली मैफल, लग्नाची वरात, पावसाळी सहल या साऱ्यांना 'धमाल' हा एकच शब्द पुरतो. शब्द शहरी आणि तरुण वाटतो. त्याला काही भूतकाळ असावा अशी शंकाही येत नाही. शैलीविचारात अशा शब्दांची गणना 'बोलभाषेतील चलनी शब्द' अशा एका तुच्छतादर्शक रकान्यात होते आणि विषय संपतो. वस्तुतः मराठीच्या आजच्या बोलीत या शब्दाइतकी भटकंती केलेले शब्द फार थोडे निघतील.

ब्रजभूमीत 'धमार' (पर्यायाने 'धमाल') हे होळीच्या गीतांचे नाव आहे. पुष्टिमार्गीय हवेलीसंगीतात वसंतपंचमीपासून होळीपर्यंतचे सुमारे चाळीस दिवस धमारगायनाचे असतात. हाच प्रकार दरबारी संगीतात ध्रुपदाच्या पंक्तीला बसला आणि पखवाजावरील १४ मात्रांच्या तालालाही त्याचेच नाव मिळाले. राजस्थानच्या शेखावाटीत फाल्गुनात चंग वाजवीत पुरुषांचे घोळके जी गाणी गातात ती 'धमाल'. पूर्वेला सिल्हेटमध्ये लग्नघरच्या स्त्रिया वर्तुळात टाळ्या देत जे गीतनृत्य करतात ते 'धामाइल'. राधारमण दत्त (१८३३–१९१५) यांच्या पदांनी त्याला रूप दिले. सिंधमध्ये सेहवान येथे, १२७४ मध्ये निवर्तलेल्या लाल शहबाज कलंदर यांच्या दर्ग्यात, सायंकाळच्या नमाजानंतर नगाऱ्यांच्या तालावर जे देहभान हरपून नाचणे होते त्यालाही 'धमाल' हेच नाव आहे. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथे झालेल्या बाँबस्फोटात ८० हून अधिक माणसे मेली ती या धमालीच्या वेळी. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर्तकी शीमा किरमाणी यांनी त्याच प्रांगणात धमाल केली.

दख्खनशी अधिक निकटचा पुरावा 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात आहे. जाफर शरीफ यांनी लिहिलेला आणि हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणून १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ दक्षिणेकडील मुसलमानांच्या चालीरीतींचे वर्णन करतो. त्यात शाह मदार यांच्या अनुयायी फकिरांची 'धम्माल' येते ती निखाऱ्यांवरून चालत जाण्याचा विधी म्हणून. फकीर 'दम मदार' असा घोष करीत विस्तवात उतरतात. याच मदारी पंथाच्या नावावरून माकडवाल्याला 'मदारी' म्हणू लागले, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा आठवत नाही. 'कलंदर'ही तसाच: सूफी पंथाचे नाव उत्तरेत अस्वलवाल्यांच्या जमातीला चिकटले आणि मराठीत छांदिष्ट, बेफिकीर माणसाचे विशेषण झाले. 'मदारी', 'कलंदर' आणि 'धमाल' हे तिन्ही शब्द एकाच वस्तीतून निघाले असे म्हणता येईल. तिघांच्याही वाटा मात्र निराळ्या झाल्या.

गुजरातेतील सिद्दींची धमाल हा या प्रवासातील सर्वांत गुंतागुंतीचा टप्पा. पूर्व आफ्रिकेतून गुलाम, खलाशी आणि सैनिक म्हणून आलेल्या या समाजाचा एक राजकीय अध्याय मुरूड-जंजिऱ्याच्या रूपाने महाराष्ट्राच्या इतिहासात आहेच. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरला बावा गोर हा त्यांचा पीर. त्याच्यापुढे आणि गीरजवळच्या जांबूरला नगारची पिराच्या दर्ग्यात सिद्दी ढोल बडवीत नाचतात. नाचता नाचता पिराचा संचार होतो आणि डोक्यावर नारळ फोडले जातात. या नाचाला दोन नावे आहेत. एक 'गोमा', जे स्वाहिलीतील ढोल व नृत्यवाचक 'न्गोमा' शब्दाचे रूप आहे, दुसरे 'धमाल'. म्हणजे आपले स्वतःचे नाव जवळ असतानाच या समाजाने आसपासच्या फकिरी परंपरेचे नावही घेतले. भाषांतर हे ग्रंथांपुरते नसते याचे इतके बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आता व्युत्पत्तीचा प्रश्न. येथे दोन पक्ष ठाम उभे राहतात. एक पक्ष 'धमाल'चा संबंध संस्कृत 'धम्' (ध्मा, धमति – फुंकणे) या धातूशी जोडतो. दुसरा 'दम मदार'मधील फारसी 'दम', म्हणजे श्वास, याच्याशी. पहिल्यात होळी आधी ठरते आणि फकीर नंतर, दुसऱ्यात उलट. व्युत्पत्तीच्या आडून कोणाचा उत्सव मूळचा आणि कोणाचा उसना याचा निवाडा लावण्याची ही धडपड आहे, आणि तिच्यामागे भाषेची चिंता फारशी नाही. गंमत अशी की तुलनात्मक भाषाशास्त्राच्या दृष्टीने संस्कृत 'धमति' आणि फारसी 'दमीदन' (फुंकणे, श्वास घेणे) ही क्रियापदे एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. दोन्ही पक्ष ज्या दोन दारांवर भांडतात ती एकाच घराची निघतात.

तरीही दोन्ही व्युत्पत्ती संशयास्पदच राहतात. फारसीत महाप्राण 'ध' नाही, त्यामुळे 'दम'पासून थेट 'धमाल' येणे अवघड. आणि फुंकण्याचा अर्थ या सर्व धमालींत कोठेही प्रधान नाही. सर्वत्र समान असलेली गोष्ट एकच आहे: जमिनीवर पडणारे पाऊल आणि कातड्यावर पडणारी थाप. 'धमधम', 'धमक', 'धमाका' या अनुकरणवाचक शब्दांच्या कुळात 'धमाल'ला ठेवणे त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते. 'धमार–धमाल' हा र-ल चा अभेद तर वैयाकरणांच्या परिचयाचाच. असे मानले तर 'दम मदार'चा घोष हे या शब्दाचे मूळ ठरत नाही. आधीच प्रचारात असलेल्या शब्दाला फकिरांनी आपल्या परीने लावलेला तो अर्थ ठरतो. लोकव्युत्पत्तीला चूक म्हणून निकालात काढणे हा अभ्यासकांचा जुना दोष आहे. शब्द वापरणाऱ्यांना तो कसा ऐकू येतो, हाही त्याच्या इतिहासाचाच भाग असतो.

मराठीत या शब्दाचे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. व्याकरणदृष्ट्या तो स्त्रीलिंगी नाम आहे, आणि विशेषण म्हणूनही चालतो ('धमाल माणूस'). क्रियापदे तीन: धमाल करणे, धमाल येणे, धमाल उडणे. पैकी 'येणे' त्याला मजा, झोप, राग यांच्या ओळीत बसवते. म्हणजे आपण न करता आपल्यावर येणाऱ्या अवस्थांच्या ओळीत. 'उडणे' त्याला धांदल आणि गोंधळ यांच्याशेजारी नेते. सूफी 'हाल'ची आठवण येथे होते, पण ती ताणू नये. हा रचनेचा योगायोगही असू शकेल.

'गोंधळ' हा शब्द मात्र येथे केवळ शेजारी नाही. तुळजाभवानीच्या आणि इतर कुलदेवतांच्या उपासनेत संबळाच्या साथीने, दिवटीच्या उजेडात रात्र जागवणारा हा विधी. रा. चिं. ढेरे यांच्या 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथामुळे त्याचे महत्त्व अभ्यासकांना परिचित आहे. रोजच्या मराठीत 'गोंधळ' म्हणजे अव्यवस्था. 'शिमगा करणे' म्हणजे शिवीगाळ, बोंबाबोंब. 'तमाशा करणे' म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणे. मूळ अरबी शब्दातील सोबत फिरण्याचा आणि फारसीतील कौतुकाने पाहण्याचा अर्थ तेथे कोठल्या कोठे गेला. हे सगळे विधी आणि खेळ होते, सगळे रात्रीचे आणि ढोलकी-संबळाचे. सगळ्यांचा शिष्ट मराठीत अर्थापकर्ष झाला. एकट्या 'धमाल'चा तसा झाला नाही. विस्तव, संचार आणि रक्त मागे टाकून तो शब्द निखळ आनंदाचा झाला.

याचे कारण शब्दाच्या अंगी काही मुळातच प्रसन्न आहे असे मानण्यात अर्थ नाही. गोंधळी, तमासगीर, शिमग्याचा सोंगाड्या यांना पांढरपेशा मराठी माणूस ओळखत होता. त्यांची जात, त्यांची गल्ली, त्यांचे बिदागीसाठी पुढे आलेले हात त्याच्या डोळ्यांपुढे होते. शब्दाविषयीची नापसंती ही त्या माणसांविषयीची नापसंती होती. धमालीचा फकीर आणि सिद्दी मात्र या वर्गाच्या अंगणात आले नाहीत. आले तरी त्यांच्या विधीचे नाव कोणी विचारले नाही. शब्द एकटाच आला. त्याच्या मागे माणूस नव्हता म्हणून तो स्वच्छ राहिला.

बाख्तिनने राबले-विषयक ग्रंथात कार्निव्हलचे जे लक्षण सांगितले त्यात रंगमंच आणि प्रेक्षक हा भेद नसणे महत्त्वाचे आहे: उत्सव पाहिला जात नाही, जगला जातो. मराठी समीक्षेत हे लक्षण बऱ्याचदा कोणत्याही दंग्याला सरसकट लावले जाते. धमालीच्या इतिहासात मात्र भेद नेमका दाखवता येतो. मकनपूरला शाह मदारांच्या दर्ग्यात, सेहवानला, शेखावाटीच्या चौकात जो जाईल तो त्यात असतो. 'धमाल विनोदी' नाटकाला आणि २००७ च्या 'धमाल' या हिंदी चित्रपटाला जाणारा प्रेक्षक तिकीट काढून दुसऱ्यांची धमाल पाहतो. मित्रमंडळींची रात्रभराची 'धमाल' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते: तेथे प्रेक्षक नसतो, पण दार बंद असते आणि आत कोण येणार हे आधीच ठरलेले असते.

गीरच्या परिसरातील हॉटेलांत आता सिंह पाहायला आलेल्या पर्यटकांसाठी संध्याकाळी 'सिद्दी धमाल'चा कार्यक्रम असतो. मोरपिसे, रंगवलेले चेहरे, उडवून डोक्यावर झेललेला नारळ. साधारण अर्ध्या तासात सारे आटोपते. जांबूरच्या दर्ग्यात नाचणारे आणि येथे नाचणारे कित्येकदा तेच असतात. महाराष्ट्रातून गेलेला पर्यटक परत येऊन सांगतो, 'धमाल आली'. त्याच्या वाक्यातला आणि त्याने पाहिलेल्या नाचाच्या नावातला शब्द एकच आहे, हे त्याच्या ध्यानात येते की नाही यावर ते वाक्य अवलंबून नसते. सिद्दी नर्तकांच्या बाजूने पाहता, पिरासमोरची धमाल आणि पाहुण्यांसमोरची धमाल यांत फरक करायला त्यांच्याजवळ अजून 'गोमा' हा दुसरा शब्द शिल्लक आहे.