पेशीश्वसन

अन्नरेणूंचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण करून त्यांतली ऊर्जा एटीपी (ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट) या रेणूत साठवण्याची सजीव पेशींतील प्रक्रिया. नाकाने होते ती नुसती वायूंची देवाणघेवाण. झाडे फक्त रात्री श्वसन करतात हा समज चुकीचा आहे. त्यांचे पेशीश्वसन अहोरात्र चालते.

ग्लुकोजचा एक रेणू पेशीद्रव्यात फुटून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. निव्वळ मिळकत २ एटीपी. ऑक्सिजन असेल तर पुढचे विघटन तंतुकणिकांतील क्रेब चक्रात होते. सुटलेले इलेक्ट्रॉन वाहक प्रथिनांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि पाणी बनते. या ओघात प्रोटॉन आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात. ते परत येताना एटीपी तयार होते, असे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले. पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलेला ३८ एटीपींचा आकडा आता ३० ते ३२ वर आला आहे.

या साखळीतले सायटोक्रोम-सी हे लहानसे लोहयुक्त प्रथिन. सायटोक्रोमांचे श्वसनातील कार्य डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजला दाखवले. तिथेच कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी) यांना बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी आढळले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. काही चरित्रलेखांत सायटोक्रोम-सीला विकर म्हटले आहे. ते इलेक्ट्रॉनवाहक आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश सोहोनींनी झगडून मिळवला, ही कथा मराठीत वारंवार सांगितली जाते. बटाट्याचे काम मात्र एका वाक्यात उरकले जाते, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

वनस्पतींत सायटोक्रोम-सी टाळणारी एक आडवाटही असते : पर्यायी ऑक्सिडेज. सायनाइडने मुख्य वाट अडली तरी ती चालू राहते. एटीपी मात्र कमी मिळते आणि बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. शेतात पाणी तुंबून मुळांना ऑक्सिजन अपुरा पडला, की तंतुकणिका नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि त्या ओघात थोडे एटीपी मिळवतात. दिल्लीत मुनिरक्याजवळ, अरुणा असफ अली मार्गावरील राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत कपुगंटी जगदीस गुप्ता यांचा गट याच नायट्रिक ऑक्साइडचा आणि वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास करतो.