इंजिन कुणाचं, गाडी कुणाची?

गाड्यांचा नाद असलेल्या दोन माणसांत भांडण लावून द्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. "अमक्याने आपल्या जुन्या पोर्शे ९१४ मध्ये सुबारूचं इंजिन बसवलंय," एवढं एक वाक्य टाकायचं आणि चहाचा कप घेऊन बाजूला व्हायचं. अर्ध्या तासाने परत आलात तरी विषय संपलेला नसतो. एक म्हणतो, बरं केलं, निदान गाडी रस्त्यावर तरी आली. दुसरा म्हणतो, मग तिला पोर्शे कशाला म्हणायचं?

मला या भांडणात रस आहे तो जरा वेगळ्या कारणाने. ज्या गाडीवरून हा वाद होतो, ती गाडी मुळात "ही नेमकी कुणाची?" याच वादात जन्माला आली. आणि तेव्हाही उत्तर ठरलं होतं ते इंजिनावरूनच. म्हणून आधी थोडा इतिहास.

त्याआधी, घरातल्या ज्या मंडळींना गाडी म्हणजे चार चाकं आणि एक हॉर्न एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी एक खुलासा. साध्या गाडीत इंजिन पुढे असतं. जुन्या बीटलमध्ये ते अगदी मागे, मागच्या आसाच्याही पलीकडे असे. ९१४ मध्ये ते आहे बैठकीच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे जवळपास मध्यावर. याचा फायदा काय? दोन्ही टोकांना वजन बांधलेली लाठी फिरवून बघा, जोर लागतो. तेच वजन मध्यावर बांधा, लाठी चटकन फिरते. वळणावर गाडीचंही तसंच. शर्यतीच्या गाड्यांनी हे तत्त्व आधीच उचललं होतं, पण सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत ते आणणं सोपं नव्हतं.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या दोन कंपन्यांना एकाच वेळी गरज पडली. फोक्सवॅगनला आपल्या कारमान घियाच्या जागी नवी स्पोर्ट्‌स कार हवी होती. पोर्शेला ९११ च्या खालची, स्वस्त अशी गाडी हवी होती. दोन्ही घरांचा संबंध जुना. बीटल रेखाटली फर्डिनांड पोर्शे यांनी आणि युद्धानंतरही फोक्सवॅगनचं संशोधनाचं बरंचसं काम पोर्शे कंपनीच करत असे. शिवाय नातंही जुळलेलं. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइनरिश नॉर्डहॉफ यांची मुलगी एलिझाबेथ दिली होती फेरी पोर्शे यांच्या सख्ख्या भाच्याला, एर्न्स्ट पिएखला. तेव्हा दोन प्रमुखांनी मिळून एक गाडी करायचं ठरवलं ते सोयऱ्याधायऱ्यांत ठरतं तसंच, तोंडी. गाडीचा सांगाडा एकच. त्यात चार सिलिंडरचं इंजिन घातलं की ती फोक्सवॅगन, सहा सिलिंडरचं घातलं की पोर्शे.

आता सोयरिकीतल्या तोंडी व्यवहारांचं पुढे काय होतं, हे आपल्या घरांत कुणाला वेगळं सांगायला नको! १९६८ च्या एप्रिलमध्ये नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेले कुर्ट लोट्झ या नात्यागोत्यातले नव्हते. साच्यांचा आणि यंत्रांचा खर्च न उचलता पोर्शेने सांगाडे स्वस्तात का न्यावेत, हा त्यांचा सवाल होता. कागदावर काहीच नव्हतं, त्यामुळे उत्तर देणं अवघड. शेवटी तडजोड झाली. १९६९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी निम्म्या निम्म्या भागीदारीत विक्रीसाठी वेगळी कंपनी काढली. युरोपात गाडी विकली गेली फोक्सवॅगन-पोर्शे अशा जोडनावाने, तर अमेरिकेत नुसती पोर्शे म्हणून. जर्मनीत लोकांनी तिला 'फोक्सपोर्शे' म्हणायला सुरुवात केली आणि त्याचं लघुरूप झालं 'फोपो'. पूर्व जर्मनीतल्या पोलिसांनाही लोक फोपोच म्हणत, त्यामुळे हे नाव कौतुकाचं नव्हतं हे उघडच आहे.

१९६९ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. साध्या ९१४ मध्ये फोक्सवॅगन ४११ या कुटुंबवत्सल गाडीचं १.७ लिटरचं इंजिन होतं, ताकद ८० अश्वशक्ती. त्याच कुळातलं इंजिन पुढे फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्येही बसलं. ९१४/६ मध्ये ९११ टीचं २ लिटरचं, सहा सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन. सांगाडे सगळे ओस्नाब्र्युकच्या कारमान कारखान्यात बनत. चार सिलिंडरच्या गाड्या तिथेच पूर्ण होत. सहा सिलिंडरचे सांगाडे मात्र स्टुटगार्टला पोर्शेच्या कारखान्यात जात आणि ९११ च्या शेजारी उभे राहून गाडी होऊन बाहेर पडत. पत्रा तोच, दारं तीच, झाकलेले दिवे तेच. फरक कुठे? चार सिलिंडरवालीच्या चाकाला चार बोल्ट, सहावालीच्या चाकाला पाच. सहावालीची किल्ली पोर्शेच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगच्या डावीकडे, चारवालीची उजवीकडे. अगदी पंगतीतल्या मानाच्या पाटासारखं.

पण हिशेबाने घात केला. सांगाड्याची किंमत पोर्शेला इतकी चढी पडली की ९१४/६ ची किंमत ९११ टीच्या जवळ जाऊन भिडली. मग गिऱ्हाईक म्हणणारच, थोडे आणखी घालतो आणि ९११ च घेतो! १९७२ मध्ये सहा सिलिंडरची गाडी बंद झाली, जेमतेम ३,३०० च्या आसपास बनून. चार सिलिंडरची १९७६ पर्यंत चालली. दोन्ही मिळून सुमारे १ लाख १९ हजार गाड्या, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या.

आणि आता गंमत बघा. या गाडीत "भलतंच" इंजिन बसवण्याचा पहिला उद्योग कुणी केला? पोर्शेनेच! कंपनीच्या संशोधन विभागाचा तेव्हाचा प्रमुख फर्डिनांड पिएख, म्हणजे वर सांगितलेल्या एर्न्स्टचा धाकटा भाऊ. त्याने ९१४ च्या पोटात ९०८ या शर्यतीच्या गाडीचं आठ सिलिंडरचं, ३ लिटरचं, सुमारे ३०० अश्वशक्तीचं इंजिन बसवून घेतलं. तशीच दुसरी गाडी, थोडी सौम्य केलेली, सुमारे २६० अश्वशक्तीची, फेरी पोर्शे यांना १९६९ मध्ये साठीची भेट म्हणून दिली. मामाच्या साठीला भाच्याच्या विभागातून आलेली ही भेट आज पोर्शेच्या संग्रहात आहे. तिला बघून "ही पोर्शे कसली?" असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. आपला तो बाब्या...

या सांगाड्यात दम होता हे शर्यतीतही दिसलं. १९७० च्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत ९१४/६ जीटी एकूण सहावी आली आणि आपल्या गटात पहिली. म्हणजे वळणं घेण्यात, थांबण्यात गाडी कुठेच कमी नव्हती. कमी होती ती चार सिलिंडरवालीची ताकद. ९००-९५० किलोच्या या गाडीला जितकं इंजिन पेलवलं असतं, त्याहून बरंच कमी तिच्या वाट्याला आलं होतं. ते का, तर गाडी 'खालच्या पायरीवर' ठेवायची होती म्हणून. अभियंत्याने घातलेली ही मर्यादा नाही, हिशेबनिसाने घातलेली आहे. माझ्या मते या सगळ्या वादाची मेख इथे आहे.

अमेरिकेत सेकंडहँड ९१४ दीर्घकाळ स्वस्तात मिळत राहिल्या. स्वस्त गाडी आणि भरपूर पेलणारा सांगाडा म्हटल्यावर हौशी माणूस गप्प कसा बसेल? कुणी ९११ चं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. कुणी सत्तरच्या दशकातच शेव्हरोलेचं व्ही-८ कोंबलं. ताकद मिळाली, पण वजनही वाढलं आणि मूळच्या गिअरबॉक्सला एवढा जोर सोसवेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

मग आलं सुबारू. हे इंजिन इथे इतकं चपखल बसतं की योगायोगाचं नवल वाटावं. पोर्शे आणि सुबारू, दोघांचीही इंजिनं बॉक्सर पद्धतीची. सिलिंडर आडवे, एकमेकांकडे पाठ करून झोपलेले, आणि पिस्टन दोन्ही बाजूंना ठोसे मारल्यासारखे सरकणारे. त्यामुळे इंजिन बुटकं राहतं आणि गाडीचं वजन जमिनीजवळ. सुबारूमध्ये इंजिन पुढे, त्यामागे चाकांचा आस आणि त्यामागे गिअरबॉक्स अशी मांडणी असते. ९१४ च्या मागच्या अर्ध्या भागातही हाच क्रम आहे. म्हणून काही जण गिअरबॉक्सही सुबारूचाच घेतात. चारही चाकांना जोर देणारा तो गिअरबॉक्स दोनच चाकांना देईल असा करून घेतात. बाकीचे मूळ गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांच्यामध्ये जोडपट्टी बसवतात. टर्बोवालं इंजिन असेल तर २०० च्या वर अश्वशक्ती सहज मिळते, म्हणजे मूळच्या अडीचपट.

कष्ट असतात ते इतरत्र. मूळ इंजिन हवेवर थंड होणारं, सुबारूचं पाण्यावर. म्हणजे रेडिएटर हवा, आणि वारा मिळतो पुढे. तेव्हा पुढच्या डिकीत रेडिएटर बसवायचा, हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट करायची, आणि पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून मागपर्यंत न्यायचे. त्या लांबलचक पाइपांत हवा अडकली की इंजिन तापतं. मग वायरिंग. दाता गाडीतून निघालेला तारांचा गुंता आणायचा आणि त्यातल्या नको त्या तारा एक एक करून वेगळ्या करायच्या. संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात जातात. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण तिला वेळ लागतो.

हे "पोर्शेच्या परंपरेला धरून नाही" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, परंपरा म्हणजे काय? हवेवर थंड होणारं इंजिन? पोर्शेने १९९६ मध्ये बॉक्स्टर आणली. मध्यावर इंजिन, बॉक्सर पद्धत, आणि थंड करायला पाणी! पुढच्याच वर्षी ९११ लाही पाणी लागलं. म्हणजे गॅरेजमधला माणूस ९१४ चं जे करतो, ते पोर्शेच्या पुढच्या वाटेपासून फार लांब नाही.

म्हणून मी सगळ्या बदलांच्या बाजूने आहे असं मात्र नाही. जुनी गाडी हा एक दस्तऐवजही असतो. जोडाचे टाके, पत्र्याच्या कडा, बोल्टांच्या जागा यांत त्या कारखान्यातल्या कामगारांचे हात दिसतात. मागचा पत्रा कापून, चाकांवरचे पंखे फाडून रुंद टायर घुसवले की ते पान कायमचं गेलं. ९१४/६ च्या बाबतीत तर हे पाप म्हणावं असं, कारण उरल्यातच थोड्या. आणि साध्या सांगाड्यात सहा सिलिंडर घालून, पाच बोल्टांची चाकं लावून "ही अस्सल ९१४/६" म्हणून विकणं ही सरळ फसवणूक. चासी नंबर खोटं बोलत नाही, पण तो वाचणारा गिऱ्हाईक दर वेळी भेटतोच असं नाही.

दुसऱ्या बाजूला, काहीही न करणं म्हणजे जतन करणं नव्हे. ९१४ ची बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजवीकडे, वरच्या जाळीतून थेट पाऊस पडेल अशी. पाणी आणि बॅटरीचं आम्ल झिरपून खालचा पत्रा गंजतो आणि पुढे गाडीचा कणाच कुजतो. हौशी लोक त्या कोपऱ्याला 'नरकाचं भोक' म्हणतात. इंजिन मेलं म्हणून उघड्यावर पडलेल्या किती तरी ९१४ अशाच मोडीत गेल्या. त्यांचा 'अस्सलपणा' त्यांच्या काय कामी आला? सुबारूच्या निमित्ताने ज्याचा तो कोपरा खरवडून, नवा पत्रा जोडून नीट झाला, त्या सांगाड्याला आणखी तीस वर्षं मिळाली.

आपल्याकडे हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. पेट्रोलच्या जीपमध्ये, अ‍ॅम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणं हा पोटापाण्याचा व्यवहार होता. आरसी बुकात नोंद करायची आणि कामाला लागायचं. तिला जीप म्हणायचं की नाही, यावर कुणी चहा गार केला नाही. त्या व्यवहारातली एक गोष्ट मला फार पटते, ती म्हणजे नोंद. इंजिन बदला, जरूर बदला. पण शक्य तितक्या मूळच्या जागा वापरून, म्हणजे पुढच्या कुणाला वाटलं तर परत फिरता येईल. जुनं इंजिन भंगारात न देता तेल लावून, गुंडाळून ठेवा. आणि काय काढलं, काय घातलं, कुठे कापलं, हे कागदावर लिहून गाडीबरोबर द्या. नॉर्डहॉफ आणि फेरी पोर्शे यांनी एवढं एक केलं असतं, तर कदाचित ही गाडी मुळातच वेगळ्या इंजिनाची झाली असती.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी इंजिन बदललेली जुनी गाडी असेल तर जरूर कळवा. आणि काढलेलं इंजिन सध्या कुठे आहे, तेही.